बाबा पाळकसेवेतून निवृत्त होताहेत. त्यांनी त्याच मंडळीत राहावं का?

प्रश्न असा आला आहे: "माझे बाबा ३४ वर्षं चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू आहेत, त्यातली शेवटची १७ वर्षं एकाच मंडळीत, म्हणजे एकाच चर्चच्या लोकांमध्ये. ३१ मे रोजी ते निवृत्त होतील. मंडळीचा आग्रह आहे की त्यांनी गावातच घर घ्यावं, महिन्यातून एका रविवारी उपदेश करावा, आणि जुन्या कुटुंबांतली लग्नं, दफनविधी त्यांच्याच हातून व्हावेत. नवीन पाळक तरुण आहेत, पहिलीच मोठी मंडळी. बाबा यावर काहीच बोलत नाहीत. आई मंडळीने राहायला दिलेला बंगला सोडायच्या विचाराने खचली आहे. आम्ही काय करावं?"

ताई, सलाम.

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. बाबांनी त्या मंडळीत उपदेशाची पाळी घेऊ नये, महिन्यातून एकदाही नाही. निदान एक वर्ष तरी त्या चर्चच्या उपासनेलाही जाऊ नये. गाव सोडता आलं तर सोडावं. नाहीच जमलं तर रविवारी दुसऱ्या चर्चमध्ये जावं. लग्न आणि दफनविधी यांना स्पष्ट नकार द्यावा, आणि तो नकार कमिटीने नाही, बाबांनी स्वतः, व्यासपीठावरून, शेवटच्या उपासनेआधी दोन-तीन रविवार सांगावा.

हे वाचताना तुम्हाला कठोर वाटेल. मी स्वतः ३६ वर्षं सेवा केली. सुरुवात नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत, मग मराठवाड्यात आणि शेवटी पुण्यात. पाच वर्षांपूर्वी ६५ पूर्ण झाली तेव्हा व्यासपीठावरून उतरलो. तेव्हापासून निवृत्तीला आलेले पाळक आणि त्यांच्या जागी येणारे तरुण, दोघांशीही बसून बोलायचं काम करतो. पण हे उत्तर मी दुसऱ्यांकडे बघून शिकलो नाही. माझ्या हातून जी चूक झाली तिच्यातून शिकलो.

निवृत्तीला पाच महिने झाले होते. जुन्या मंडळीतल्या एक आजी रात्री वारल्या. नऊ वर्षं मी त्यांना घरी जाऊन प्रभूभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणाची भाकर आणि द्राक्षरस, दिलं होतं. खाटेच्या उशाशी स्टुलावर पांढरा रुमाल अंथरून त्या माझी वाट पाहत बसायच्या. रात्री अकराला त्यांच्या मुलाचा फोन आला, "पाळकसाहेब, आईची इच्छा होती." मी हो म्हणालो. नव्या पाळकांना फोन करावा हे मला सुचलंच नाही असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे सुचलं होतं. उशीर झालाय, सकाळी सांगू, असं म्हणून मी ते बाजूला सारलं.

सकाळी दफनभूमीच्या फाटकाशी ते उभे होते. झगा घडी करून डाव्या हातावर घेतलेला, उजव्या हातात उपासनेचं पुस्तक. लोक त्यांच्या समोरून माझ्याकडे आले. मी त्यांना एक स्तोत्र वाचायला दिलं, नव्वदावं. त्यांनी ते वाचलं आणि मागे जाऊन उभे राहिले. पुढे चार महिन्यांनी त्याच गल्लीत दुसरं मरण झालं, तेव्हा त्या घरच्यांनी त्यांना कळवलंसुद्धा नाही, सरळ मला फोन केला. त्या दिवशी मला उमगलं की मी काय करून बसलो होतो. मी त्यांच्या घरी गेलो आणि माफी मागितली. ते म्हणाले, "साहेब, त्या आजींकडे मी चार महिने दर गुरुवारी जात होतो. हळूहळू बोलायला लागल्या होत्या."

पाळकावर मंडळीचा जीव बसतो तो उपदेशामुळे नव्हे. उपदेश लोक पुढच्या बुधवारपर्यंत विसरतात. जीव बसतो तो मरणाच्या घरी, दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये, मुलीचं लग्न मोडलं त्या संध्याकाळी. हे प्रसंगच तुम्ही नव्या माणसाकडून काढून घेतलेत तर त्याच्याकडे रविवारची वीस मिनिटं तेवढी उरतात, आणि वीस मिनिटांत कुणी पाळक होत नाही. "आमच्या साहेबांनीच आमच्या नातीचं लग्न लावावं" हा आग्रह प्रेमाचाच आहे, मला त्यात शंका नाही. पण त्याची किंमत नवीन पाळक मोजतात, आणि दहा वर्षांनी मंडळीही मोजते.

हे एकट्या माझं मत नाही. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या घटनेतच लिहिलेलं आहे की माजी पाळकाने जुन्या मंडळीत कुठलीही पाळकीय सेवा करायची तर तिथल्या सत्रमंडळाच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या, प्रमुखांचं, म्हणजे सहसा विद्यमान पाळकांचं, निमंत्रण हवं. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये साधारण ७० व्या वर्षी पद सोडावं लागतं, आणि त्यानंतर कुठेही उपासना चालवायची तर बिशपांची परवानगी घ्यावी लागते. आपल्याकडे हे सगळं मोठ्या मनावर सोडलेलं असतं. मोठं मन सगळ्यांचं असतं, पण मध्यरात्री फोन आला की ते पुरत नाही. म्हणून आधीच बोलून ठेवायचं.

आता बाबांच्या गप्प राहण्याबद्दल. पाळक निवृत्त होतो तेव्हा त्याचा हुद्दा जातो, दीक्षा जात नाही. डोक्यावर हात ठेवून ज्या कामासाठी वेगळं केलं ते मरेपर्यंत त्याच्याबरोबर असतं. अडचण इथेच आहे. बँकेतला माणूस निवृत्त झाला की बँकवाला राहत नाही. बाबा १ जूनला सकाळी उठतील तेव्हाही रेव्हरंडच असतील, फक्त ज्यांचे ते पाळक होते ती माणसं त्यांची नसतील. ही पोकळी फार चमत्कारिक असते. शनिवारी संध्याकाळ झाली की मला अजून अस्वस्थ होतं, काहीतरी तयार करायचं राहिलंय असं वाटतं. पहिले सहा महिने मी पेपर वाचताना कात्रणं काढून ठेवत होतो, दाखला म्हणून उपयोगी पडतील अशी. तुमच्या बाबांना लगेच चार ठिकाणची आमंत्रणं आणून ही पोकळी भरायला जाऊ नका. थोडे दिवस ती तशीच राहू द्या.

पवित्र शास्त्रात निवृत्तीचा म्हणून नियम एकाच ठिकाणी सापडतो, गणना या पुस्तकाच्या आठव्या अध्यायाच्या शेवटी. लेव्यांनी, म्हणजे उपासनेच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशातल्या पुरुषांनी, २५ व्या वर्षापासून मंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, सेवा करावी, ५० व्या वर्षी सेवेतून निवृत्त व्हावं. पुढे मात्र लिहिलंय की त्यानंतरही त्यांनी आपल्या बांधवांना राखणीच्या कामी साहाय्य करावं, पण सेवा करू नये. मी निवृत्त होण्याच्या वर्षी हे वाक्य फार वेळा वाचलं. वाळवंटात मंडप उचलणं हे खांद्यांचं काम होतं. पन्नाशीनंतर खांदा काढून घ्यायचा आणि तो तरुणांच्या खांद्यावर द्यायचा. म्हाताऱ्या लेव्याला कुणी छावणीबाहेर काढलं नाही, पण ओझं त्याच्या हातात परत दिलं नाही. बाबांशी बोलायचं झालं तर इथून सुरुवात करा. पाळकाला मुलांनी सांगितलेलं पटत नाही, वचन पटतं.

शेवटच्या उपदेशाविषयी ते तुम्हाला विचारणार नाहीत, पण मी लिहून ठेवतो. आठवणींचा उपदेश करू नये. सतरा वर्षांत काय काय बांधलं, कंपाउंड वॉल, ऑर्गन, संडे स्कूलची खोली, याची यादी कमिटीचे सेक्रेटरी वाचतीलच. बायबलमधल्या शमुवेल संदेष्ट्याने निरोप घेताना लोकांसमोर उभं राहून विचारलं की मी कुणाचा बैल घेतला, कुणाचं गाढव घेतलं, कुणावर जुलूम केला, सांगा. म्हणजे त्याने आपला हिशेब लोकांपुढे ठेवला. आणि त्याच अध्यायात पुढे म्हणाला की तुमच्यासाठी प्रार्थना करायची सोडली तर ते माझ्याकडून पाप होईल. निरोपाच्या उपदेशाला याहून जास्त लागत नाही. आणि ज्यांच्याशी खरोखर बिनसलं आहे अशी दोन-तीन कुटुंबं प्रत्येक मंडळीत असतात. त्यांच्याकडे बाबांनी मे महिन्यात स्वतः जावं, चहा घ्यावा. व्यासपीठावरून "कुणाचं मन दुखावलं असल्यास क्षमा असावी" म्हणणं सोपं आहे. त्यांच्या उंबऱ्यात उभं राहून तेच म्हणणं वेगळं.

मे महिना आहे हे एका परीने बरं. पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, होऊन गेलेला असतो, नवीन पाळकांना हंगामाचा सण आणि नाताळ यायच्या आधी घरं ओळखायला काही महिने मिळतात. डिसेंबरात निरोप घेणाऱ्याच्या मंडळीत नव्या माणसाचे फार हाल होतात.

कागदपत्रांचं काम थोडक्यात सांगतो, कारण ते कंटाळवाणं असलं तरी पाळकाचं नाव इथेच खराब होतं. बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न, दफन या चारही नोंदवह्या शेवटच्या नोंदीपर्यंत पूर्ण करून, पानं मोजून, सही घेऊन द्याव्यात. लग्नाच्या वहीला १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याचा आधार आहे. वीस वर्षांनी कुणाला पासपोर्टसाठी दाखला लागतो तेव्हा अर्धवट नोंद फार त्रास देते. बाबा ट्रस्टवर पदसिद्ध विश्वस्त असतील तर बदल झाल्यापासून ९० दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज जायला हवा. बँकेतली सही बदलायची. किल्ल्यांचा जुडगा चिठ्ठ्या लावून द्यायचा. बंगल्यातलं कुठलं सामान मंडळीचं, कुठलं तुमचं, याची यादी दोन प्रतींत. एवढं झालं की हे काम संपलं.

एक गोष्ट मात्र यादीत मावत नाही. प्रत्येक पाळकाजवळ एक खिशातली डायरी असते, किंवा डोक्यात असते. कुणाचा नवरा पितो, कुणाच्या मुलीने काय केलं, कोणत्या दोन भावांचं बोलणं बंद आहे आणि का. नव्या पाळकांना आजाऱ्यांची यादी द्यावी: कोण अंथरुणावर आहे, कुणाला घरी प्रभूभोजन लागतं, कोणाला ऐकू येत नाही म्हणून डाव्या बाजूला बसावं. बाकीचं देऊ नये. लोकांनी ते बाबांना सांगितलं होतं, पदाला नाही. मी माझी डायरी निवृत्तीच्या आदल्या रात्री मागच्या अंगणात जाळली. जाळण्याआधी एकेका पानावरच्या माणसासाठी प्रार्थना केली, त्यात पहाट झाली. उपदेशाच्या वह्या मात्र जाळू देऊ नका. वर्षाला पन्नास धरले तरी ३४ वर्षांचे सतराशे उपदेश होतात. त्या नव्या पाळकांना भेट म्हणून देऊ नका, घरी ठेवा. नातवंडं वाचतील.

आता आईबद्दल, आणि इथे मला जास्त लिहायचं आहे, कारण निरोप समारंभात पाळकीणबाईंना एक साडी मिळते आणि त्यांच्या नावे दोन वाक्यं बोलली जातात.

त्यांनीही ३४ वर्षं सेवा केली, पगाराशिवाय. महिला मंडळ, संडे स्कूल, रात्री-अपरात्री दार वाजलं की चहा. बाबांना निदान पत्र मिळतं की तुम्ही अमुक तारखेला निवृत्त झालात. आईला काहीच मिळत नाही, एक दिवस त्या नुसत्या पाळकीणबाई राहत नाहीत. वरून घर जातं. कॅथलिक धर्मसंहितेत ७५ वर्षं पूर्ण झालेल्या पॅरिशच्या धर्मगुरूने बिशपांकडे राजीनामा द्यावा असं जिथे सांगितलंय, तिथेच त्याच्या उदरनिर्वाहाची आणि निवाऱ्याची योग्य सोय बिशपांनी करावी असंही लिहिलंय. आपल्या पाळकांना बायका-मुलं असतात, आणि आयुष्यभर मंडळीच्या बंगल्यात राहिल्यामुळे स्वतःचं घर बहुतेकांनी केलेलं नसतं. फंडाची रक्कम हातात येते ती पाहून पोटात गोळा येतो. जे पाळक आज चाळिशीत आहेत त्यांनी हे वाचत असाल तर ऐका: गावाकडे का होईना, एक खोली आत्ताच बांधायला घ्या. देव पुरवील हे खरं आहे, पण त्याने तुम्हाला पंचवीस वर्षं आधी सांगूनही ठेवलं आहे.

तुमच्या बाबतीत आता एवढंच करता येईल. कमिटीला आजच लेखी पत्र देऊन बंगला सोडण्यासाठी ठरावीक मुदत मागा, तोंडी आश्वासनावर राहू नका. नवीन पाळकांचं कुटुंब कधी येणार ते विचारून घ्या, म्हणजे त्यांची मुलं शाळा सुरू होताना उपऱ्यासारखी राहायला नकोत. निरोप समारंभासाठी मंडळी पैसे जमवत असेल, तर सेक्रेटरींना विश्वासात घेऊन सांगा की मंडप, फ्लेक्स आणि मानचिन्ह यांवर खर्च करू नका, जी काही थैली असेल ती आईच्या नावे ठेवीत टाका. हे मागायला लाज वाटेल. मला वाटली होती, म्हणून मी मागितलं नाही, आणि पहिल्या वर्षी भाड्याच्या घराचं डिपॉझिट भरताना माझ्या पत्नीने बांगड्या मोडल्या.

आईला बंगल्यात एकदा एकटं फिरू द्या. माझ्या पत्नीने स्वयंपाकघराच्या दारामागे एक कागद चिकटवून ठेवला होता, नवीन पाळकीणबाईंसाठी: पाणी किती वाजता येतं, कोणत्या बर्नरची ज्योत पिवळी जळते, दूधवाल्याचं नाव, कढीपत्त्याला आठवड्यातून दोनदाच पाणी. शेवटी लिहिलं होतं, "दुपारी दोन ते चार दार उघडू नका, तेवढा वेळ तुमचा." त्या बाईंनी पुढे फोन करून सांगितलं की आल्या दिवशी त्या ओळीपाशी त्यांना रडू आलं.

बाबांनी मग करायचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असणार. सुट्टीवर गेलेल्या पाळकांच्या जागी दुसऱ्या मंडळ्यांत उपासना चालवता येतात, त्या त्यांनी सहा महिन्यांनंतर खुशाल घ्याव्यात. रविवारी येऊ न शकणाऱ्या लोकांना फोनवर वचन वाचून दाखवणं हे काम कुणी करत नाही आणि त्याची फार गरज आहे. आणि लिहिता येत असेल तर लिहावं. १९७२ च्या दुष्काळात कोणती कुटुंबं कोणत्या गावातून आली, पहिली प्रार्थना कुणाच्या ओसरीवर झाली, हे ज्यांच्या डोक्यात आहे असे आता थोडेच उरलेत. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला, साताऱ्याला गेले, 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची संगत मांडली. त्यानंतर दोनच वर्षं ते जगले. पण आज कोणत्याही मराठी चर्चमध्ये रविवारी बसा, त्यांचं गीत कानावर पडतंच. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो पंचाहत्तरी उलटल्यावर, २०२० साली, उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. प्रत्येकाला तेवढं होत नाही. आपल्या मंडळीचा तीस पानी इतिहास मात्र बाबा नक्की लिहू शकतील.

आता पहिल्या रविवारचं सांगतो, कारण तोच सगळ्यात जड जातो. आम्ही दोघं बसने दुसऱ्या भागातल्या चर्चला गेलो. दारात थांबलो तर मला कळेना बसायचं कुठे. पाय आपोआप पुढे वेदीच्या दिशेने निघाले. पत्नीने बाहीला धरून पाचव्या बाकाशी थांबवलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ३६ वर्षांत मी उपासनेत हिच्याशेजारी कधी बसलोच नव्हतो. ती दुसऱ्या बाकावर, मी समोर, मध्ये कठडा. गीत सुरू झालं आणि मी तिचा आवाज ऐकला. वरच्या पट्टीत ती थोडी खाली येते, मग पुन्हा उचलते. हे मला ठाऊकच नव्हतं. उपदेश सुरू झाल्यावर माझी बोटं मांडीवर मुद्दे मोजायला लागली, पहिला, दुसरा, आता दाखला यायला हवा. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि बोटं थांबवली. त्यानंतर मी फक्त ऐकलं. प्रभूभोजनाला गुडघे टेकले, हात पुढे केला, दुसऱ्या कुणीतरी भाकर माझ्या तळहातावर ठेवली.

बाबांना एवढं मिळू द्या. महिन्यातून एका रविवारचा उपदेश हा याच्या आड येतो, म्हणून मी तो नको म्हणतो. मंडळीला वाईट वाटेल. कमिटीतले एक-दोघे म्हणतील की साहेबांच्या घरच्यांनी त्यांना अडवलं. तो राग तुम्ही अंगावर घ्या, ताई, बाबांवर जाऊ देऊ नका. आणि नव्या पाळकांच्या पहिल्या रविवारी बाबांनी एक चिठ्ठी पाठवावी, मंडळीसमोर वाचायला. चारच ओळी: हे आता तुमचे पाळक आहेत, मी यांच्यासाठी रोज प्रार्थना करतो, तुमच्या घरी सुख किंवा दुःख झालं तर आधी यांना बोलवा, यांनी मला बोलावलं तर मी येईन.

७ जूनचा रविवार आला आणि कुठे जावं असा प्रश्न पडला, तर दोघांना घेऊन पुण्याला या. आमच्याकडे उपासना साडेनऊला असते. पाचव्या बाकावर डावीकडे आम्ही बसतो, आतल्या बाजूच्या दोन जागा धरून ठेवीन.